गाणे एक, मालक तीन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पटकथालेखनावर अधूनमधून चांगला मजकूर येतो. प्रसंग कसा बांधावा, संवाद कुठे तोडावा, मध्यंतराला काय ठेवावे यावर बरेच लिहिले जाते. पण पटकथेत लोकांच्या ओठांवरचे एखादे गाणे आले की पुढे त्याचे काय होते, यावर फारसे कुणी लिहीत नाही. नव्या लेखकांच्या पटकथांत तर रेडिओ कायम चालूच असतो. म्हणून हे पत्र, थोडे लांबलेले.

असा एक प्रसंग घ्या.

"दृश्य 34. वाड्यातले स्वयंपाकघर. संध्याकाळ. रेडिओवर अमुक भावगीत लागते. आई पोळी लाटता लाटता थांबते. दुसऱ्या कडव्यापासून तीही गाण्याबरोबर गुणगुणू लागते. कडवे संपते आणि दार वाजते."

वाचायला छान आहे. पण हेच दृश्य निर्मात्याच्या टेबलावर गेले की त्याचे वाचन बदलते. रेडिओवर लागते, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण हवे. आई गुणगुणते, म्हणजे शब्द आणि चाल नटीच्या तोंडी येणार, तीही कॅमेऱ्यासमोर. दुसरे कडवे, म्हणजे मुखड्यापासून तिथपर्यंतचा मोठा तुकडा घ्यावा लागणार. आणि कडवे संपताच दार वाजणार, म्हणजे दृश्याची लांबी गाण्याला बांधलेली. परवानगी मिळाली नाही तर हे दृश्य दुरुस्त होत नाही, ते नव्यानेच लिहावे लागते. चार ओळींत लेखकाने एवढे सगळे करून ठेवलेले असते, आणि बहुधा नकळत.

आधी एक भीती काढून टाकू. गाण्याचे नाव पटकथेत लिहायला कुणाचीही परवानगी लागत नाही. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात स्पष्ट केले आहे. गाण्याच्या ओळी उतरवून लिहिणे ही काटेकोर अर्थाने नक्कलच. पण पटकथा चार जणांत वाचायला फिरते तोवर त्यावरून कुणी दारात येत नाही. पटकथा पुस्तकरूपाने छापायची झाली तर मात्र त्या ओळींसाठी स्वतंत्र लेखी परवानगी लागते. चित्रपटासाठी घेतलेला परवाना पुस्तकाला चालत नाही. आणि स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथा नोंदवली म्हणून तिच्यातले गाणे आपले होत नाही. ती नोंदणी म्हणजे आपला मजकूर अमुक तारखेला अस्तित्वात होता याचा पुरावा, एवढेच.

आता मुख्य मुद्दा. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या लेखी गाणे नावाची एकच एक वस्तू नसते. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, आणि त्या दोन्हींचे केलेले ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात, तिन्हींच्या मुदती वेगळ्या असतात. मराठीत बऱ्याच गाण्यांचे तिन्ही हक्क एकाच ध्वनिमुद्रिका कंपनीकडे गोळा झालेले असतात, त्यामुळे एकाच दारात काम होते आणि लोकांना वाटते की हक्क एकच आहे. तसे ते नेहमी नसते. ध्वनिमुद्रण कंपनीकडे आणि शब्द कवीच्या वारसांकडे, अशी गाणी कमी नाहीत, विशेषतः कविता आधी संग्रहात छापून आली आणि चाल नंतर लागली असेल तिथे. आकाशवाणीसाठी ध्वनिमुद्रित झालेल्या जुन्या गीतांची तर त्यात आणखी एक वाटेकरी असतो, कारण ते मुद्रण आकाशवाणीचे.

व्यवसायात शब्द-चालीच्या परवान्याला 'सिंक' म्हणतात आणि ध्वनिमुद्रणाच्या परवान्याला 'मास्टर'. दृश्यात काय घडते यावर कोणता लागणार ते ठरते. रेडिओवर किंवा मोबाइलवर मूळ गाणे वाजले तर दोन्ही. पात्र स्वतः गुणगुणले, लग्नाच्या पंगतीत आजीने म्हटले, गाडीत मित्रांनी कोरस धरला तर सिंक पुरतो, मास्टर नको. नुसती शीळ घातली किंवा बासरीवर धून वाजवली तर फक्त चालीची परवानगी. पात्राने गाण्याच्या ओळी चालीशिवाय, संवादासारख्या म्हटल्या तर फक्त शब्दांची. दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतले तरी सिंक लागतोच. "आम्ही नवीन रेकॉर्ड केलंय" या वाक्याने फक्त मास्टर वाचतो. जुन्या चालीवर नवे शब्द बसवले तर ते चालीचे रूपांतर. चालीच्या मालकाला विचारावेच लागते. विडंबनाला आपल्या कायद्यात नाव घेऊन दिलेली सूट नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. गाणे येऊन पाच वर्षे झाली की कुणीही त्याचे 'कव्हर' करू शकतो, असे म्हणतात. कायद्यात तशी तरतूद आहे खरी, पण ती ध्वनिमुद्रणापुरती. पाच कॅलेंडर वर्षे उलटलेली असावी लागतात, आधी नोटीस द्यावी लागते, आणि वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. चित्रपटाच्या दृश्याला ही तरतूद लागू पडत नाही.

मुदतीचा हिशेब त्यामानाने सोपा, फक्त तो तीनदा करायचा असतो. शब्दांसाठी गीतकाराच्या निधनाचे वर्ष घ्या, त्यात 60 मिळवा. जे वर्ष येईल त्याच्या 31 डिसेंबरला कॉपीराइट संपतो. चालीसाठी संगीतकाराच्या निधनाचे वर्ष. ध्वनिमुद्रणासाठी ते प्रसिद्ध झाल्याचे वर्ष. पूर्वी ही मुदत 50 वर्षे होती. रवींद्रनाथांचे निधन 1941 चे, त्यांच्या साहित्याचा कॉपीराइट 1991 अखेर संपायला आला, तेव्हा ती 60 केली गेली.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 मध्ये गेले, म्हणजे 'मानापमान'मधल्या पदांचे शब्द 2009 च्या 1 जानेवारीपासून मोकळे. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते गेले 1955 मध्ये. त्या 2016 पासून मोकळ्या. तुमच्या नायिकेच्या आजोबांनी पेटीवर ते पद म्हटले तर कुणाला विचारायला नको. पण तेच पद एखाद्या अलीकडच्या गायकाच्या अल्बममधून उचलून वाजवले तर त्या ध्वनिमुद्रणाचा मालक आहेच.

आता उलटे उदाहरण. तुकोबांचे शब्द साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे, त्यांना कसला कॉपीराइट? नाहीच. पण आपण जे अभंग "तुकारामांचे" म्हणून गुणगुणतो, त्यांतले कित्येक आपल्या कानात श्रीनिवास खळ्यांच्या चालीत बसलेले आहेत. खळे 2011 मध्ये गेले. त्या चाली 2071 च्या अखेरपर्यंत बांधलेल्या. वारीच्या दृश्यात पटकथेत "वारकरी अभंग गातात" एवढेच लिहावे आणि चित्रीकरणात दिंडीतली पारंपरिक चाल घ्यावी. नट मंडळी सवयीने कॅसेटमधल्या चालीत घुसतात, तिथे लक्ष ठेवायला माणूस हवा.

सावरकरांचे निधन फेब्रुवारी 1966 चे. त्यांच्या शब्दांचा कॉपीराइट 31 डिसेंबर 2026 पर्यंत. त्यानंतर त्यांच्या कवितांवर चित्रपटांची रांग लागेल असे दिसते. पण सागराला घातलेली ती प्रसिद्ध साद आपल्याला ज्या चालीत ठाऊक आहे ती हृदयनाथ मंगेशकरांची आहे, आणि ती चाल काही 2027 मध्ये मोकळी होत नाही.

सर्वांत फसवे प्रकरण जुन्या तबकड्यांचे. 1960 मध्ये निघालेल्या ध्वनिमुद्रिकेची मुदत 2020 अखेर संपली, म्हणून ती इंटरनेटवरून उतरवून सरळ पार्श्वभूमीला वाजवतात. त्या ध्वनिमुद्रणात गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल असेल तर? गदिमा 1977 मध्ये गेले, शब्द 2037 पर्यंत. बाबूजी 2002 मध्ये गेले, चाल 2062 पर्यंत. तबकडी सुटली, गाणे अडकलेलेच.

'पारंपरिक' हा शब्द तर मराठीत सढळ हाताने वापरतात. कॅसेटच्या वेष्टनावर गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' छापले म्हणून गाणे पारंपरिक होत नाही. गावाकडे राहिलेल्या मैनेची ती छक्कड लोकगीतासारखी गावोगाव गेली, पण ती अण्णाभाऊ साठ्यांची. ते 1969 मध्ये गेले, मुदत 2029 अखेर. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत वाजणारी बरीच भीमगीते वामनदादा कर्डकांची. ते 2004 मध्ये गेले. बहिणाबाईंच्या ओव्या जात्यावरच्या, पण त्यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये आला. लेखक हयात असताना अप्रकाशित राहिलेल्या लेखनाची 60 वर्षे निधनापासून मोजत नाहीत, प्रकाशनापासून मोजतात. म्हणून तिथे उत्तर 2011 नसून 2012 येते. एका वर्षाचा फरक, पण हिशेब कसा करायचा ते त्यातून कळते. प्रभातच्या 1936 च्या 'संत तुकाराम'मधले 'आधी बीज एकले' हे पद तर आजही अनेकांना तुकारामांच्या गाथेतलेच वाटते. ते लिहिले शांताराम आठवल्यांनी, आणि ते गेले 1975 मध्ये.

राज्यगीताबद्दलही विचारणा होते. 2023 मध्ये शासनाने ज्याला राज्यगीताचा दर्जा दिला त्याचे कवी राजा बढे 1977 मध्ये गेले, चाल खळ्यांची. राज्यगीत झाल्याने कॉपीराइट आपोआप विरघळत नाही. शाळेच्या समारंभात म्हणणे वेगळे आणि व्यावसायिक चित्रपटाच्या क्लायमॅक्सला लावणे वेगळे.

मालक कोण, हा त्यापुढचा प्रश्न, आणि तो हिशेबाने सुटत नाही. चित्रपटगीतांत वेगळा करार नसेल तर पहिला मालक निर्माता, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1977 चा निकाल आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. पण वाटा असणे आणि परवाना देण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टी आहेत. जानेवारी 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे नेमके हेच आले. एका तमिळ चित्रपटाच्या निर्मात्याने जुन्या गाण्याची नवी आवृत्ती करण्यासाठी थेट मूळ संगीतकाराची परवानगी घेतली होती. हक्क ध्वनिमुद्रिका कंपनीकडे असल्याचे प्रथमदर्शनी ठरले, आणि गाणे ठेवायचे तर 30 लाख रुपये न्यायालयात जमा करा, असा आदेश झाला. म्हणजे निर्मात्याने परवानगी घेतली होती, प्रामाणिकपणे घेतली होती, फक्त दार चुकले. 'बुवांनी स्वतः आशीर्वाद दिलाय' हे वाक्य मराठीतही ऐकू येते, म्हणून हे उदाहरण.

दार शोधायचे कसे? तबकडी किंवा कॅसेटवरचे कंपनीचे नाव हे पहिले टोक. यूट्यूबवर अधिकृत चित्रफितीखाली परवानाधारकाचे नाव येते, ते दुसरे. आयपीआरएस या संस्थेकडे गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची नोंद असते. ती पाहून शब्द-चालीचा प्रकाशक कोण याचा माग लागतो. पण आयपीआरएसकडून सभागृहासाठी घेतलेला परवाना हा गाणे जाहीरपणे वाजवण्याचा असतो, चित्रपटात बसवण्याचा नव्हे. नाटकाच्या प्रयोगासाठी एक, चित्रपटासाठी दुसरा. कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदवहीत नाव सापडले तर ठीक, न सापडल्यास काही सिद्ध होत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, हक्क नोंदणीशिवायही असतो.

काही समजुती इतक्या घट्ट आहेत की त्यांच्यावर दोन शब्द लिहावेच लागतात. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं', 'आठ मात्रांपर्यंत चालतं' असा कोणताही नियम कायद्यात नाही. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका जाहिरातीतली काही सेकंदांची धून हिंदी चित्रपटाच्या गाण्यात आल्याचा वाद गेला. न्यायालयाने सेकंद मोजले नाहीत. मूळ धुनेचा गाभाच त्या तुकड्यात उचलला आहे का, हे पाहिले. प्रदर्शन तोंडावर असताना ते प्रकरण दोन कोटी रुपयांवर मिटल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. दुसरीकडे 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, वाहिनीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात एका गायिकेने गाण्यांच्या काही ओळी म्हणणे हा किरकोळ वापर मानला. तेवढ्यावर पटकथा लिहू नये. ती सूट खटला लढून, अपिलात मिळालेली आहे.

'मागे नुसतं वाजतंय, त्याचं काय?' चित्रपटात पार्श्वभूमीला सहज आलेल्या चित्राला किंवा शिल्पाला कायद्यात सूट आहे. ती सूट कलाकृतींपुरती आहे, संगीताला नाही. भिंतीवरचे कॅलेंडर चालेल, चहाच्या टपरीवरचा रेडिओ नाही. समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी रास्त वापराची मुभा आहे, पण काल्पनिक कथापट त्यात बसत नाही. श्रेयनामावलीत 'सौजन्य' किंवा 'साभार' लिहिल्याने परवाना मिळत नाही. उलट वापर जाणूनबुजून केला याचा तो लेखी कबुलीजबाब ठरतो.

वरातीचे दृश्य मराठी लेखकाचे आवडते. खऱ्या लग्नाच्या वरातीत बँडने गाणे वाजवले तर धार्मिक समारंभ म्हणून त्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. त्या सुटीच्या कडा नेमक्या कुठे, यावरही वाद आहेत. गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये या विषयावर काढलेले परिपत्रक उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केले. चित्रपटातली वरात तर खरी नसतेच. नवरदेव मानधनावर, घोडी भाड्याने, बँडवाले आठ तासांच्या शिफ्टवर. तिथे वाजलेले प्रत्येक गाणे चित्रपटात घेतलेले गाणे असते. बँडसाठी संगीत दिग्दर्शकाकडून बँडच्याच ढंगाची धून करून घेणे सर्वांत स्वस्त पडते, आणि प्रेक्षकाला फरकही जाणवत नाही. आरतीच्या दृश्यात समर्थांचे शब्द आणि परंपरेची चाल खुशाल घ्या, फक्त ती नटांकडून म्हणवून घ्या. मंडपातल्या स्पीकरवरची तयार आरती नको. वाढदिवसाच्या इंग्रजी गाण्याला लोक उगाच घाबरतात. अमेरिकेत त्याचे पैसे घेणाऱ्या कंपनीचा शब्दांवरचा दावा तिथल्या न्यायालयाने 2015 मध्ये फेटाळला, पुढे 1 कोटी 40 लाख डॉलरवर तडजोड झाली. तेव्हा केक कापताना गायला हरकत नाही.

परवानगीचे पत्र कसे लिहावे यावर बहुतेक कामे अडतात, कारण 'आम्हाला आमच्या सिनेमात आपलं गाणं वापरायचं आहे, कृपया कळवावे' या एका ओळीला कंपनी काय उत्तर देणार? दृश्याचा गोषवारा चार ओळींत द्यावा, आणि खरा द्यावा. गाण्याचा कोणता भाग हवा ते वेळेसकट लिहावे, उदाहरणार्थ 0:00 ते 0:38, एकूण 38 सेकंद, एकदाच. गाणे ठळक ऐकू येणार की संवादाखाली, पात्र गाणार की वाजणार, ओठ दिसणार की नाही. भाषा, लांबी, निर्माता, प्रदर्शनाचा अंदाज. आणि मग हक्कांची यादी: चित्रपटगृह, ओटीटी, उपग्रह वाहिनी, महोत्सव, डब केलेल्या आवृत्त्या, ट्रेलर. ट्रेलर वेगळा लिहावाच लागतो. चित्रपटात गाणे आहे म्हणून ते ट्रेलरला लावले आणि यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने प्रदर्शनाच्या आठवड्यात ट्रेलरच उडवला, हे नेहमीचे दुखणे आहे.

करारात दोन कलमे डोळ्यांत तेल घालून पाहावीत. परवान्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे दोन ओळींच्या 'ना हरकत'वर काढलेला चित्रपट सहाव्या वर्षी ओटीटीवर विकता येत नाही, आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात दाखवला तर तो खेळ परवान्याबाहेरचा. 'संपूर्ण जग' आणि 'कॉपीराइटची संपूर्ण मुदत' हे शब्द स्पष्ट यायला हवेत. हक्क आपल्याकडेच आहेत आणि तिसऱ्या कुणी दावा केला तर नुकसान आपण सोसू, अशी हमी देणाऱ्याकडून घ्यावी. दार चुकले तर तीच उपयोगी पडते. आणि सगळे लेखी. फोनवरचे 'अहो, खुशाल वापरा' हा परवाना नव्हे. पैसे कमी असतील तर लघुपटवाल्यांनी आधी महोत्सवापुरता परवाना मागावा, पण पुढे चित्रपट विकला गेला तर किती द्यायचे तो आकडा त्याच करारात बांधून घ्यावा. नंतर विचारायला गेलात की भाव तुमच्या गरजेवर ठरतो.

परवाना केव्हा घ्यायचा, हेही दृश्यावरून ठरते. कॅमेऱ्यासमोर ओठ हलणार असतील तर चित्रीकरणाआधी. नुसते वाजणार असेल तर संकलनापर्यंत वेळ आहे. पण सेटवर, नटांना मूड यावा म्हणून ते गाणे चालू ठेवून संवाद ध्वनिमुद्रित करू नयेत. संवादात गाणे मुरले की परवाना नाकारल्यावर ते काढता येत नाही, संवादच पुन्हा डब करावे लागतात. गाणे कानात छोट्या इअरपीसने द्यावे किंवा टेकआधी ऐकवून बंद करावे. बाहेरच्या चित्रीकरणात पलीकडच्या गल्लीतला गणेशोत्सवाचा स्पीकर हाच प्रकार करतो. संकलकाने तात्पुरते म्हणून लावलेल्या गाण्याचे आणखी वेगळे: तीन महिने तेच ऐकून दिग्दर्शकाला दुसरे काही बसेनासे होते.

आता लेखकाच्या टेबलाकडे परत. दृश्य 34 असे लिहिता येते:

"वाड्यातले स्वयंपाकघर. संध्याकाळ. शेजारच्या खिडकीतून रेडिओचा आवाज, जुन्या वळणाचे एक संथ भावगीत, बाईचा आवाज. शब्द नीट कळत नाहीत. आईचे लाटणे थांबते. ती पुढची ओळ ओठांतल्या ओठांत म्हणते, आवाज येत नाही. मग पोळी उलटते. ती करपलेली असते."

शब्द कळत नाहीत, आवाज येत नाही, आणि दृश्याचा शेवट करपलेल्या पोळीवर आहे, कडव्यावर नाही. गाणे मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास संगीत दिग्दर्शक त्याच वळणाचे 20 सेकंदांचे गाणे नव्याने करून देतो. त्याच वळणाचे म्हणजे काळ, वाद्ये, आवाजाची जात. मूळ चालीचे दोन सूर इकडेतिकडे करून नव्हे, ते पुन्हा तिथेच नेते. हवे असलेले गाणे पटकथेत न लिहिता वेगळ्या कागदावर लिहावे: दृश्य क्रमांक, पहिली पसंती, दुसरी पसंती, मोकळे गाणे. निर्मात्याला हा कागद पटकथेसोबत दिला की अर्ध्या बैठका वाचतात. पुढे ओटीटीवाले सेकंदासेकंदाची जी संगीतसूची मागतात तिचा कच्चा खर्डाही हाच.

कथेचा कणाच एखाद्या विशिष्ट गाण्यावर उभा असेल, नायकाला वडिलांची ओळखच त्या गाण्यातून पटणार असेल, तर दुसरा खर्डा लिहिण्याआधी विचारपूस करावी. अशा वेळी नकारही येतो, आणि तो नेहमी पैशांसाठी नसतो. हक्क विकलेले असले तरी कृतीची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाधा येते, अशी हरकत घेण्याचा मूळ गीतकार-संगीतकाराचा विशेष हक्क उरतोच. भक्तिगीत बारच्या दृश्यात घालायचे असेल तर ते पत्रात आधी सांगितलेले बरे.

न विचारता वापरल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड, अशी कलम 63 ची शिक्षा आहे. 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. प्रत्यक्षात तुरुंगापेक्षा गुरुवारी दुपारी येणारी स्थगिती महाग पडते. सेन्सॉरचे प्रमाणपत्र तिथे कामाचे नाही, गाण्याचे हक्क कुणाचे हे सेन्सॉर मंडळ ठरवत नाही.

या सगळ्यात लेखकाचा सर्वांत जास्त वेळ जातो तो मालक शोधण्यात. मराठी भावगीते आणि चित्रपटगीते यांची एक साधी यादी कुठेतरी हवी: गाणे, गीतकार आणि त्यांच्या निधनाचे वर्ष, संगीतकार आणि त्यांच्या निधनाचे वर्ष, ध्वनिमुद्रिकेचे वर्ष, शब्दांसाठी कुणाला लिहायचे, चालीसाठी कुणाला, मुद्रणासाठी कुणाला. चित्रपट महामंडळ, आयपीआरएस आणि मराठी ध्वनिमुद्रिका कंपन्या एकत्र बसल्या तर पहिल्या पाचशे गाण्यांची यादी अवघड नाही. आपल्या पुरवणीने दर आठवड्याला एका गाण्याची अशी चौकट छापली, तर सुरुवात तिथूनही होऊ शकते. पहिल्या काही चौकटींचा मजकूर आम्ही पाठवू.

आपले,
पटकथा आणि संगीतहक्कांचे काम करणारे काही वाचक
मुंबई-पुणे